‘आगगाडी आणि जमीन’ : छंद, यमक व रचना

पद्याचें माप आधीं घ्यावें आणि अर्थ मागाहून बोलावा, अशी आमच्या गुरुजनांची शिस्त होती. तीच आम्हीं पुढें वर्गांत शिकविली. परंतु एका प्रसिद्ध कवितेच्या बाबतींत ती आमच्याच हातून मोडली, आणि त्या चुकीचा उपद्रव कवितेस न होतां एका हस्तलिखिताच्या नकलेस झाला. तो सर्व प्रकार अभ्यासकांपुढें ठेवावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. कविता कुसुमाग्रजांची ‘आगगाडी आणि जमीन’ ही होय.

आगगाडीवरील अर्वाचीन कविता इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत कशास, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, जुन्या बाडांतील पद्यांचा कर्ता पुष्कळदां अज्ञात, लेखनिक अनेक आणि पाठ संशयित असतात. तेथें आपली मोजण्याची रीत चुकली तरी ती चूक उघडकीस येण्याचा मार्ग नसतो. याच्या उलट ज्या कवितेचा कर्ता ज्ञात, पाठ छापील आणि वाचन शेंकडों मुखांतून ऐकलेलें, अशा कवितेवर तीच रीत चालवून पाहिली म्हणजे रीतीचा खरेखोटेपणा तत्काळ कळतो. सोनाराच्या कसोटीचा दगड स्वतः सोन्याचा नसतो. त्याप्रमाणें ही कविता आम्ही येथें कसोटीसाठीं घेतली आहे. ती स्वतःही मोलाची आहे, हें पुढें दिसेलच.

कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९). ही कविता त्यांच्या ‘विशाखा’ या संग्रहांत आहे. तो संग्रह १९४२ मध्यें वि. स. खांडेकर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. कवितेचा विषय वाचकांस विदित आहेच. गाडीच्या भाराखालीं भरडली जाणारी जमीन आरंभीं काकुळतीला येऊन विनवणी करते. गाडी मदानें तिचा धिक्कार करून घाटांत शिरते. मग जमीन थरारते, दरीवरील पूल कोसळतो आणि गाडीचे तुकडे होतात. प्रवाशांचा उल्लेख असा नाहींच. प्रवास आहे, पण तो प्रवाशाच्या खिडकींतून पाहिलेला नसून रुळाखालच्या मातींतून पाहिलेला आहे.

१. वृत्ताची परीक्षा

माधवराव पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांनीं ‘छंदोरचना’ या ग्रंथांत मराठी पद्याचे तीन वर्ग केले, ते आतां सर्वमान्य आहेत. लघुगुरूंचा क्रम ठरलेला असेल तें वृत्त. मात्रांची संख्या व आवर्तनें ठरलेलीं असतील ती जाति. आणि केवळ अक्षरांची संख्या ठरलेली असेल तो छंद. हा ग्रंथ प्रथम १९२७ मध्यें निघाला व १९३७ मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति झाली. कोणतेंही पद्य हातीं आलें कीं या तीन दारांपैकीं तें कोणत्या दारांतून आंत आलें, हें पाहणें प्राप्त असतें.

संस्कृतांत वाढलेला मनुष्य साहजिकच पहिल्या दाराशीं जातो. या कवितेच्या ओळींत १२ अक्षरें आहेत, आणि सहाव्या अक्षरानंतर शब्द संपून स्वच्छ यति येतो. १२ अक्षरांच्या जगती वर्गांत वंशस्थ, द्रुतविलंबित, तोटक, स्रग्विणी अशीं वृत्तें आहेत. परंतु आगगाडीचा विषय म्हणतांच प्रथम आठवतें तें भुजंगप्रयात. चार य गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे चार सारखे भाग. आणि नांवांतच सर्पाची चाल. समर्थांच्या मनाच्या श्लोकांनीं हें वृत्त महाराष्ट्राच्या कानांत इतकें भिनविलें आहे कीं, तीन-तीन अक्षरांचा ठेका ऐकतांच कान त्याच्याकडे धांव घेतो. डोंगरांतून वळसे घेत जाणाऱ्या गाडीस भुजंगाची गति देणें कवीस सुचलें असेल, अशी कल्पनाही मोठी मोहक आहे.

पण कल्पना मोहक असली म्हणून गण बदलत नाहींत. आरंभींच्या चार ओळींचे गण आम्हीं मांडले ते असे : पहिलीचे ज ज म ज, दुसरीचे म भ स ज, तिसरीचे र ज त ज, चौथीचे भ म र ज. भुजंगप्रयाताचा प्राण जो य गण, तो या सोळा स्थानांत एकदांही नाहीं. दोन ओळींचा क्रमही एक नाहीं. चारही ओळी ज गणावर संपतात एवढेंच काय तें साम्य आहे. परंतु तें यमकामुळें आलें आहे, वृत्तामुळें नव्हे, आणि पुढें यमक बदलतांच तेंही सुटतें. सबब ही कविता अक्षरगणवृत्तांत नाहीं.

तरीही या परीक्षेंतून एक गोष्ट हातीं लागली, ती टाकून देण्यासारखी नाहीं. गण पाडतांना तीन-तीन अक्षरांवर रेघ मारावी लागते. आणि या कवितेंत ती रेघ बहुतेक वेळां शब्दाच्या शेवटींच पडते. शब्द तोडावा लागत नाहीं. कोठें तीन अक्षरांचा एक शब्द, तर कोठें दोन व एक मिळून तीन. म्हणजे सहा-सहाच्या दोन खंडांच्या पोटांत तीन-तीनचे चार उपखंड आहेत. ते लघुगुरूंनीं बांधलेले नाहींत, शब्दांनीं बांधलेले आहेत. ही गोष्ट लक्षांत ठेवून पुढें जावें.

२. जातीची परीक्षा, आणि आमची चूक

दुसरें दार मात्रांचें. येथेंच आमचा पाय घसरला.

पहिल्या ओळीच्या मात्रा मोजल्या, त्या १८ भरल्या. दुसरीच्या १८. तिसरीच्याही १८. तीन साक्षी एक बोलल्यावर चौथीस विचारावें कशाला, अशा समजुतीनें आम्हीं वर्गांत सांगून टाकलें कीं ही १८ मात्रांची जाति. मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें चौथी ओळ मोजली व उठून म्हणाला, “गुरुजी, हिच्यांत १९ येतात.” आम्हीं त्यास कवीची सूट म्हणून उत्तर दिलें व खालीं बसविलें. तो बसला, परंतु सूट कवीनें घेतली नव्हती, आम्ही घेत होतों.

पुढें कधीं तरी सगळी कविता मोजण्याची बुद्धि झाली, तेव्हां १८ चें बंधन कोठेंच टिकेना. पूल कोसळतो त्या जोडीच्या दोन्ही ओळी २०-२० मात्रांच्या. त्यांच्या लगतची पुढची ओळ १७ ची. तिच्या पुढची १९ ची. पादांतींचा लघु विकल्पानें गुरु धरावा, हा संस्कृत छंदःशास्त्रांतील परिहार येथें लावून पाहिला, तर लघ्वंत ओळींत प्रत्येकीं एक मात्रा वाढते, पण ओळी एकमेकींशीं जुळत नाहींत : १९, १९, १९, २० असा आरंभ होतो व पुलापुढची ओळ १८ वर राहते. जातींत एखादी मात्रा इकडेतिकडे झाली तर गाणारा ती सांवरतो हें खरें. परंतु १७ पासून २० पर्यंतची ओढाताण ही सूट नव्हे. ज्या नियमाचा भंग नियमाइतकाच वारंवार होतो, तो नियम कवीचा नसून मोजणाराचा असतो.

आतां उपद्रव काय झाला तें सांगतों. इंझोरी येथील एका घरीं अभंगांचें व पदांचें एक मोडी बाड होतें. त्यांत शीर्षकें नव्हतीं. अभंग व पदें सरमिसळ लिहिलीं होतीं. त्याची देवनागरी नक्कल करण्याचें काम आम्हीं हौसेनें पत्करलें. सहा-सहा अक्षरांच्या कांहीं रचना आल्या, तेव्हां वरील १८ मात्रांचें भूत आमच्या मानेवर बसलेलें होतेंच. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद दाखवीत नाहींत; तो नक्कल करणारानें ठरवावयाचा. आम्हीं तो मात्रा जुळतील असा ठरविला. दोन ठिकाणीं तेवढ्यानेंही भागेना, तेव्हां एकेक अक्षर ‘लेखनप्रमाद’ म्हणून पदरचें घातलें. म्हणजे सहा अक्षरांच्या निर्दोष चरणाचे आम्हीं सात केले, व तें शुद्ध केलें असें मानलें. मूळ बाड जसेंच्या तसें राहिलें, एवढीच समाधानाची गोष्ट. नकलेंतील त्या जागा आम्हीं आतां पूर्ववत् केल्या असून समासांत तसें नमूद केलें आहे.

३. छंदाची परीक्षा

तिसरें दार उघडतांच सर्व अडचणी मिटतात. अक्षरें मोजावीं : सहा व सहा, मिळून १२. ओळीमागून ओळ हेंच माप येतें. पुलाच्या २० मात्रांच्या ओळीही १२ अक्षरांच्या, आणि त्यांच्या पुढची १७ मात्रांची ओळही १२ अक्षरांचीच. कविता छंदांत आहे, यांत संशय उरत नाहीं.

‘छंदोरचने’च्या मतें छंदांत प्रत्येक अक्षराचा उच्चार गुरुसारखा, म्हणजे दोन मात्रांचा होतो. तसें धरलें तर तीन अक्षरांचा एक उपखंड सहा मात्रांचा होतो, आणि ओळींत सहा-सहा मात्रांचीं चार आवर्तनें पडतात. तालाच्या भाषेंत बोलावयाचें तर ही दादऱ्याची जात आहे. कविता मोठ्यानें म्हणणारीं मुलें कोणी न शिकवितां प्रत्येक तिसऱ्या अक्षराशीं आघात संपवितात, तें यामुळेंच.

दोन सावधगिऱ्या येथें नमूद केल्या पाहिजेत, कारण त्यांचा हस्तलिखितांशीं निकट संबंध आहे.

पहिली अन्त्य अकाराची. बोलतांना आपण शब्दाच्या शेवटचा अकार गिळतों. लिहितांना तीन अक्षरें दिसतात, कानांस दोन ऐकूं येतात. छंदांत लिहिलेलें अक्षर मोजावें, ऐकूं येणारें नव्हे. कारण छंद म्हणतांना तो अकार जिवंत होतो, किंवा मागील अक्षर लांबून त्याची जागा भरून काढतें. या कवितेंत अकारान्त शब्दांची संख्या फार मोठी आहे. त्यांचे अकार वगळून मोजूं गेल्यास एकही ओळ नीट मोजतां येणार नाहीं.

दुसरी सावधगिरी हलन्ताची. गाडी शीळ घालते त्या चरणांत ‘अन्’ हें उभयान्वयी अव्यय आलें आहे. पाय मोडून वाचलें तर चरण सहा अक्षरांचा. न मोडतां दोन अक्षरें धरलीं तर सातांचा. छंद सांगतो कीं, येथें पाय मोडलाच पाहिजे. जुन्या लेखनांत हलन्ताचें चिन्ह वगळण्याची चाल किती सार्वत्रिक होती, हें बाडें चाळणारांस सांगावयास नको. तेथें चरण एका अक्षरानें लांबलेला दिसला तर अक्षर खोडण्यापूर्वीं त्यांत एखादा न मोडलेला पाय तर नाहीं ना, तें पहावें. याचेंच दुसरें अंग अनुस्वाराचें. जुन्या लेखनांत ‘हंसणें’ यासारख्या शब्दांवर जो अनुच्चारित अनुस्वार देत, तो गुरुत्व देत नाहीं. मात्रा मोजणारा त्यानें फसतो. अक्षरें मोजणारा फसत नाहीं.

४. अभंगाशीं नातें

सहा अक्षरांचा चरण म्हटला कीं, मराठी कानास अभंग आठवतो. मोठ्या अभंगाचें माप सहा, सहा, सहा, चार असें २२ अक्षरांचें. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अंतीं. साडेतीन चरण व बावीस अक्षरें हें लक्षण नामदेवांच्या नांवावरील अभंगांतच सांगितलेलें आहे. मग ही कविता अभंगाच्या कुळांतील म्हणावी कीं काय?

याचा निकाल पुस्तकांत लागेना, म्हणून आम्हीं तो भजनांत लावून पाहिला. इंझोरीच्या एका भजनी मंडळींतील वृद्ध गायकास आम्हीं कवितेच्या ओळी दिल्या आणि नेहमींच्या अभंगाच्या चालीवर म्हणावयास सांगितलें. पहिला चरण बसला, दुसरा बसला, तिसराही बसला. चौथ्याशीं मात्र बुवा अडखळले. टाळ थांबवून म्हणाले, “मास्तर, याच्यांत दम घ्यायला जागाच नाही.”

एका वाक्यांत त्यांनीं सर्व विवेचन करून टाकलें. अभंगाचा चौथा चरण चार अक्षरांचा आखूड असतो; तेथें चाल विसावते, गाणारा श्वास घेतो, टाळकरी ध्रुपदाकडे वळतात. कुसुमाग्रजांनीं अभंगाचा सहाक्षरी चरण जसाच्या तसा ठेवला व विसाव्याचा आखूड चरण काढून टाकला. सहांमागून सहा, बारांमागून बारा. कोठेंही फलाट नाहीं. गाडीचा वेग या कवितेंत कोणत्याही विशेषणानें सांगितला आहे त्याहून अधिक या एका उणीवेनें सांगितला आहे. जो छंद शतकानुशतकें शरणागतीचा होता, त्यांतील थांबा काढतांच तो धांवूं लागला.

आणि आरंभींची विनवणी शरणागतीचीच आहे, हें ध्यानांत घ्यावें. पायांशीं लोळून काकुळती करणें ही भूमिका अभंगांतील भक्ताची. परंतु येथें ज्याच्या पायांशीं लोळावयाचें तो देव नसून लोखंड आहे, आणि तो ऐकत नाहीं.

५. यमक

मराठींत आपण ज्यास यमक म्हणतों तें संस्कृत आलंकारिकांचें यमक नव्हे. त्यांच्या यमकांत तीच अक्षरमाला भिन्न अर्थानें पुन्हा यावी लागते. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आर्येंत त्याचा कळस केला. ओळींच्या अंतींचें नुसतें ध्वनिसाम्य हा विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणां’त अन्त्यानुप्रास होय. अभिजात संस्कृत श्लोक त्यावांचून सुखानें चालतो. दोन-दोन ओळींस अन्त्यानुप्रासानें बांधण्याची चाल अपभ्रंश काव्यांत नियमाच्या पदवीस चढली. आणि त्या काव्यांचा एक मोठा ठेवा आमच्या शेजारीं कारंजा येथील जैन भांडारांत सांभाळला गेला, ही वऱ्हाडास भूषणावह गोष्ट आहे. पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९३१ मध्यें आणि ‘णायकुमारचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांनीं १९३३ मध्यें संपादिलें, तीं कारंजा येथूनच प्रसिद्ध झालीं. त्या काव्यांतील कडवकांत ओळींच्या जोड्या अन्त्यानुप्रासानें जुळलेल्या असतात व कडवकाच्या शेवटीं निराळ्या मापाची घत्ता येते. ती घत्ता म्हणजे तेथील विसावा. प्रस्तुत कवितेंत जोड्या आहेत, घत्ता नाहीं. अभंगाच्या बाबतींत जें दिसलें तेंच येथेंही दिसतें : बांधणी जुनी, विसावा वगळलेला.

यमकें दोन-दोन ओळींचीं आहेत, व सामान्यतः सहाव्या अक्षराशीं यमक नाहीं. मात्र एके ठिकाणीं कवीनें हा नियम मोडला आहे. गाडी आपल्या चाकांस हाक घालते त्या जोडींत दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या अशा तीनही चरणांच्या अंतीं एकच यमक आहे. दुसऱ्या-तिसऱ्याचें यमक हें अभंगाचेंच लक्षण. म्हणजे गाडीचा मद शिगेस पोंचतो त्या क्षणीं अभंगाचें यमक पूर्णपणें प्रकट होतें, आणि जेथें चार अक्षरांत नम्रतेनें संपावें तेथें चौथा चरण सहा अक्षरांत तेंच यमक पुन्हा ठणकावतो. हें योजून केलें कीं सहज साधलें, हा प्रश्न व्यर्थ आहे. झालें आहे तें नेमकें योग्य जागीं झालें आहे.

गुणांप्रमाणें दोषही सांगितले पाहिजेत. सुमारें निम्म्या जोड्यांचीं यमकें नकारान्त आहेत, आणि त्यांतील बरीच ‘ऊन’ या पूर्वकालवाचक प्रत्ययावर उभीं आहेत. हें यमक मराठींत सर्वांत स्वस्त; कोणताही धातु घ्यावा व प्रत्यय लावावा. त्यांतही कोठें ‘ईन’शीं ‘ऊन’ जुळविलें आहे, कोठें ‘ऊन’शीं ‘एन’, तेथें उपांत्य स्वर भिन्न राहून केवळ शेवटचें व्यंजन जुळतें. अपघाताच्या वर्णनांतील एका जोडींत शकाराखेरीज कांहींच जुळत नाहीं. शेवटच्या जोडीचें यमक ‘ही’ या पादपूरकावर टेकलें आहे. इतक्या जोमदार कवितेचा अखेरचा स्वर एका भरतीच्या अक्षरावर यावा, हें आम्हांस खटकतें. या प्रत्ययाच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं, तो क्रिया संपवीत नाहीं, पुढच्या क्रियेकडे ढकलतो. त्यामुळें जोडी संपली तरी वाक्य थांबत नाहीं. विसावा नाकारणाऱ्या छंदास हें यमक सोयीचें पडलें, परंतु सोय म्हणजे सौंदर्य नव्हे. जेथें कवीनें प्रत्यय सोडून नामांचीं यमकें घेतलीं आहेत, जसें कीं निखाऱ्यांची जोडी व पुलाची जोडी, तेथें कविता चढलेली दिसते.

६. चाकांचा आवाज

या कवितेचा ठेका म्हणजे आगगाडीच्या चाकांचें अनुकरण, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हीही तसें म्हणत असूं. परंतु ध्वनि मोजून पाहिला तर तें टिकत नाहीं.

मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हा या मार्गानें यवतमाळास जाणारी अडीच फुटी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ या भागांतील वृद्धांच्या अजून कानांत आहे. १९९४ मध्यें तिचें वाफेचें एंजिन गेलें व डिझेलचें आलें. पुढें गाडीही बंद पडली. तिच्यांत बसलेल्या कोणासही विचारावें. रुळांच्या सांध्यावरून डबा जातो तेव्हां त्याच्या एका गाड्याचे दोन आंस लागोपाठ वाजतात. म्हणून आवाज दोन-दोनच्या जोडीनें येतो, तिनाच्या नव्हे. कुसुमाग्रजांचा ठेका तिनाचा आहे. दोन-दोनचा ठेका हवा असेल तर तो ग. दि. माडगूळकरांच्या ‘झुकझुक अगीनगाडी’ या बालगीतांत पहावा. तेथें दोन लघूंचा ध्वन्यनुकारी शब्द चार वेळां येऊन ८ मात्रा होतात, व त्यांपुढें गाडीचें नांव पुन्हा ८ मात्रांचें. ही आठांच्या आवर्तनाची जाति. ताल धरावयाचा तर केरव्याचा. तें गीत गाडींत बसलेल्या मुलाचें आहे, म्हणून त्यांत चाकें वाजतात. आणि तेथें मात्रा मोजणेंच योग्य आहे.

दोन कविता एकाच विषयाच्या. एक जाति, दुसरी छंद. एकीस मात्रांचें माप, दुसरीस अक्षरांचें. विषयावरून माप ठरवूं गेल्यास दोहोंपैकीं एकीचा घात निश्चित होतो. ‘आगगाडी आणि जमीन’ हिच्यांतील ठेका चाकांचा नसून चाकांखालील गोष्टीचा आहे. तो जुन्या, पायीं चालणाऱ्या, टाळांवर म्हटल्या जाणाऱ्या पद्याचा ठेका आहे, म्हणजे जमिनीचाच.

७. रचना

यावरून रचनेचें मर्म उलगडतें. कवितेंत तीन आवाज आहेत : जमिनीचा, गाडीचा आणि निवेदकाचा. तिघांचा छंद एकच आहे. नाटकांत पात्र बदलतांच वृत्त बदलावें, या संस्काराच्या आम्हांस हें प्रथम उणें वाटलें. विनवणीस एक माप, दर्पोक्तीस दुसरें आणि संहारास तिसरें असतें, तर भाव अधिक खुलले नसते काय? पूर्वीं आमचें उत्तर होकारार्थी होतें, आतां तें नकारार्थी आहे. गाडीनें जमिनीस जीं दोन हेटाळणीचीं विशेषणें दिलीं तींच जमीन पुढें तिच्या तोंडावर परत फेकते. तीं परत फेकतां येतात, कारण दोघींचें माप एक आहे. छंद बदलला असता तर शब्द परत आले असते, घाव परत आला नसता.

जमिनीच्या आरंभींच्या ओळी गुरु-लघूवर, खचत संपतात. पूल कोसळतो त्या दोन ओळी दोन गुरूंवर संपतात, आणि आरंभींच्या ओळींहून मात्रांनीं जड आहेत. अक्षरांचें माप न ढळतां मात्रांचा भार बदलला आहे. मात्रांच्या संख्येस छंदांत बंधन नसतें, म्हणूनच तेथें ती अर्थाच्या सेवेस मोकळी राहते. आम्हीं ज्या विषमतेस दोष मानून दडपूं पाहिलें, ती या कवितेची संपत्ति आहे. एकसारख्या १८ मात्रा करून दिल्या असत्या, तर तो पूल कोसळलाच नसता.

८. उपसंहार

बाडांच्या नकला करणारांनीं या परीक्षेपासून घेण्यासारख्या गोष्टी थोडक्यांत अशा. माप ठरविण्यापूर्वीं सर्व पद्य मोजावें. तीन ओळी जुळल्या म्हणून चौथीस गृहीत धरूं नये. मोडींतील पद्यांत आधीं अक्षरें मोजावीं, कारण मोडी लिपि अक्षरांची साक्ष खरी देते, ऱ्हस्व-दीर्घांची देत नाहीं. अक्षरांचें माप सर्वत्र जुळत असेल तर तेथेंच थांबावें, मात्रांच्या मोहांत पडूं नये. चरण लांबला तर हलन्त पहावा. आणि जें अक्षर बाडांत नाहीं तें नकलेंत घालावयाचें झाल्यास कंसांत घालावें, म्हणजे आपली चूक आपल्याच नांवावर राहील.

मागच्या बांकावरील त्या विद्यार्थ्यानें चौथी ओळ मोजली होती, व त्याचें मोजणें बरोबर होतें. त्याला तेव्हां दिलेलें उत्तर आम्ही या लेखानें परत घेत आहों.

इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम